राखून ठेवलेलं

डॉक्टर हात धुतात आणि म्हणतात,
"खैरनारबाई, लिहा. मत राखून ठेवलं आहे."
सिव्हिलच्या मागच्या अंगाला,
जिथे अ‍ॅम्ब्युलन्स सायरन बंद करून येते,
तिथे अकरा वर्षं मी हेच वाक्य लिहिते.

सुयोग दशरथ बोराडे, वय बावीस, राहणार सातपूर.
सोमेश्वरच्या धबधब्याखाली, खडकाच्या खोबणीत
तिसऱ्या दिवशी सापडला.
पंचनाम्यात एक चप्पल, बंद पडलेला मोबाइल
आणि शर्टाच्या आतल्या खिशात
गांजाची पुडी, भिजून चिखल झालेली.

बरणीत मी मिठाचं पाणी भरते.
विरघळेनासं होईपर्यंत मीठ टाकायचं असतं.
बाप दारातून म्हणाला, "लोणच्याला घालतात तसं?"
मी मान हलवली.
घरी मी लोणचं घालत नाही. शेजारीण देते.

मग तो आत आला.
प्रेसमध्ये दोन बोटं गेलेला हात
टेबलावर ठेवून हळूच म्हणाला,
"ते पुडीचं नका लिहू बाई.
पाय घसरला, एवढंच लिहा.
पोरीचं जमतंय सिन्नरला."

पुडी लिहून झाली होती, पोलिसांच्या अक्षरात.
आणि पाय घसरला, हेही कुणी पाहिलं नव्हतं.
एक मित्र म्हणतो, तो हसत होता.
दुसरा म्हणतो, चार दिवस झोपलाच नव्हता,
कुणीतरी मागे लागलंय म्हणायचा.
तिसरा म्हणतो, तो नुसता बसला होता,
मी पाणी आणायला गेलो.
नदीकाठावरून, पाणी आणायला.

आठ वर्षांची होते, कुंभात, तपोवनात
चिलमीच्या धुरापुढे वडिलांनी
मला हात जोडायला लावले होते.
त्या दिवशी पुडीच्या कागदाला तोच वास होता.
हात ग्लोव्हजमध्ये होते.

लाख वितळवली. पितळी शिक्का दाबला.

सात महिन्यांनी अहवाल आला.
गांजाचे अंश: आढळले.
डॉक्टर चष्मा पुसत राहिले.
"हे अंगात महिनाभरही राहतं.
त्या संध्याकाळचं की गणपतीतलं,
मी कसं सांगू?"
कारणापुढे लिहिलं, पाण्यात बुडून.
बाकीचं, सांगता येत नाही.

बोराडे नक्कल घ्यायला आले.
उरलेल्या बोटानं ओळ धरून
दोनदा वाचलं.
"म्हणजे त्यानंच गेला, का नाही?"
मी खुर्ची पुढे केली. बसले नाहीत.
"सिन्नरचं?"
"झालं लग्न. त्यांना काही सांगितलं नाही."
जाता जाता दारात थांबले.
"ती बरणी परत मिळते का?"

नाही म्हणायला मला वेळ लागला.

गेटबाहेर एक मुलगा
स्कूटर चालूच ठेवून उभा होता.
तो पाणी आणायला गेलेला.
आत ये म्हटलं.
त्यानं नुसता अ‍ॅक्सिलरेटर पिळला,
गाडी जागच्या जागी ओरडली.