तीनपैकी

जपान सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म
गुण तीनपैकी मागतो.
प्रथम श्रेणी, विशेष प्रावीण्य,
ज्यांचे यावलात पेढे वाटतात,
त्यांना तिथे रकाना नाही.
ऐंशीला तीन. सत्तरला दोन. साठला एक.
त्याखाली शून्य.
बत्तीस वर्षं गुणपत्रकं काढली मी,
इतक्या थोड्या जागेत बसवलेला माणूस
पाहिला नव्हता.

शबनूर तडवी टेबलाजवळ उभी.
बस म्हटलं तरी उभीच.
बाप वनखात्याच्या नाक्यावर रोजंदारीला,
साहेबांच्या खोलीत बसायचं नसतं
हे घरूनच शिकून आलेली.
"सर, दोन पूर्णांक तीन लागतात.
माझे किती भरतात?"

वीस पेपर. बेरीज पंचेचाळीस.
सेहेचाळीस हवी होती.

मी पुन्हा केली. खालून वर केली.
कॅल्क्युलेटर बाजूला सारून बोटांवर केली,
ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.
"जपानच का म्हणून विचारलंय बेटा, काय लिहिलंस?"
तर म्हणाली, तिथे दक्षिणेकडच्या बेटांवर
केळीच्या सोपटातून सूत काढतात,
उन्हाळ्यात अंगाला लागणार नाही असं कापड विणतात.
"आणि आपण, सर?"
आपण घड उतरवतो
आणि खोड बांधावर फेकतो.
रावेरपासून चोपड्यापर्यंत
किती कापड सडत असेल
याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

ती गेल्यावर जुनं रजिस्टर काढलं.
दुसरं वर्ष, वनस्पतिशास्त्र, अंतर्गत, वीसपैकी:
११.
बाकी सगळीकडे सतरा, अठरा, अठरा.
अक्षर माझंच.
माझा नऊ आखूड असतो.
घाईत शेपटी राहून जाते,
उरतो तो एक.

रविवारी सावद्याला गेलो, नारखेडे सरांकडे.
निवृत्तीनंतर सरांनी काही टाकलेलं नाही,
खडूचा डबासुद्धा.
वहीत चहाच्या कपाचं वर्तुळ,
वर्तुळात शबनूर,
शबनूरपुढे एकोणीस.
सर म्हणाले, "वारके, हे तुले आज दिसलं?"
मी चहा पूर्ण घेतला नाही.

प्राचार्यांनी दार लोटलं.
"चार महिने राहिलेत तुमचे.
पेन्शनचे कागद वर गेलेत.
एका अंकासाठी
कशाला स्वतःच्या हातानं लिहून देता?"
खरं म्हणजे हातानंच झालं होतं.
अर्जात मी तेच लिहिलं: माझ्या हातून.
कर्मवाच्य आयुष्यभर वापरलं होतं,
'चूक झाली असावी', 'नजरेतून सुटले असावे'.
त्या दिवशी जमलं नाही.

मग जळगाव. विद्यापीठाची खिडकी.
तीन फेऱ्या, भुसावळला एसटी बदलून.
खिडकीतला माणूस माझ्याच वयाचा.
त्यानं पावतीवर तारीख घातली
आणि मी ओणवं होऊन पाहिलं,
त्याचाही नऊ आखूड.
बोललो नाही. फक्त म्हटलं,
साहेब, जरा ठळक लिहा.

शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी
पाकीट बंद केलं.
तोंडावर सही, सहीवर शिक्का,
असंच हवं म्हणतात त्यांना, उघडलेलं चालत नाही.
शिक्का थोडा तिरपा बसला.
शबनूरनं त्यावर फुंकर घातली
आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसली,
शाई वाळेपर्यंत.

पाकीट वकिलातीत जाऊन सात आठवडे झाले.
तिला अजून काही आलं नाही.
मला आली, कारणे दाखवा नोटीस,
सात दिवसांत खुलासा सादर करावा.

आज खुलासा लिहायला बसलोय.
वरच्या कोपऱ्यात तारीख: २९.
नऊची शेपटी ओढत नेली,
ओळ ओलांडून, विषयाच्या रकान्यात,
कागद संपतो की काय
असं वाटेपर्यंत.