खाट

मळ्यातल्या खोलीत खाट एकच.
भाडं दोघींचं.
रात्री जोआकिना, दिवसा मी.
आवर्दिना बाय, मालकीण, म्हणते
या खाटेला कधी थंडी वाजत नाही.

पहाटे साडेपाचला मांडवीवरून परतते
कामगारांच्या छोट्या बोटीतून. मागे जहाज
अजून जांभळं, हिरवं, परत जांभळं,
पाण्याला डोळा लावू न देणारं.
माझ्या टेबलावरचा सुरतचा माणूस
तीनदा म्हणाला, शेवटचा डाव.
आत घड्याळ नसतं.
किती वाजले विचारलं तर हसायचं,
एवढंच शिकवलंय.

युनिफॉर्मचे खिसे शिवून टाकलेले.
टेबल सोडताना एक टाळी,
मग दोन्ही तळवे उताणे
छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे:
बघ बाबा, काही नेत नाही.
परवा केरीला गेले, सातेरीपुढे हात जोडले
आणि सोडताना तेच झालं.
टाळी. तळवे.
गुरव चमकून बघत राहिला.

मी जिना चढते तेव्हा ती उतरते,
केस ओले, चपला हातात,
मिरामारच्या हॉटेलात नाश्ता मांडायला.
'भात झाकलाय.' 'बरं.'
'पाणी साडेसहाला जाईल.' 'बरं.'
दीड वर्षात बोलणं एवढंच,
तरी मला ठाऊक आहे ती डाव्या कुशीवर झोपते.
गादीत तिच्या खांद्याचा खळगा आहे.
मी भिंतीकडे सरकते,
झोपेत घरंगळून त्यातच जाते.
उशीला खोबरेल, एखादा कुरळा केस,
मागच्या सोमवारी ओल.
विचारलं नाही. उशी उलटी केली.
मग पुन्हा सुलटी.

नोव्हेंबरात वादळाचा बावटा लागला,
बोटी बंद. तेव्हा पहिल्यांदा
रात्री दोघी खोलीत.
तू झोप, नाही तू झोप,
शेवटी खाटेच्या दोन काठांवर दोघी,
मध्ये तो खळगा रिकामा.
ती लगेच घोरायला लागली.
मी टक्क जागी. तीन वाजता
माझी बोटं चादरीवर पत्ते वाटत होती,
एक तिला, एक मला, एक तिला.
तिने झोपेतच माझा हात धरला,
विचारलं, 'कोण जिंकलं?'

काय सांगणार.
सुरतच्या माणसासारखं म्हटलं,
शेवटचा डाव, झोप.
हात सोडवून घेतला नाही.