दुपारची पाळी

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं नोटा मोजल्या,
झोप मात्र कायम सुट्ट्या पैशांत मिळाली:
बसमध्ये चार आणे,
डब्यानंतर बाकावर आठ आणे.

आता जेलरोडच्या या खोलीत
वरणभात, पंखा दोनवर,
पेपर छातीवर, चष्मा कुठेतरी,
आणि डाव्या कुशीखाली
कोरी करकरीत दुपार.

भोंगा होतो.
पूर्वी पाय आपोआप चपला शोधायचे.
आता फक्त अंगठा हलतो,
एकदा, मोजल्यासारखा.

सुलोचना म्हणते, घोरत होता.
छे, नुसते डोळे मिटले होते.
(गांगुर्डेही घरी हेच सांगतो.)

साडेचारला आरशात
गालावर अभ्र्याची नक्षी उमटलेली असते.
खिडकीकडे वळून, उजेडात धरून बघतो:
खरी आहे.