आवंदा काय येई

अंमळनेरात मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला
आणि नाव कमावलं ते भविष्य सांगण्यात.

मार्च उजाडला की ओट्यावर चपलांचा ढीग.
मारवड, शिरूड, जानवे,
कुठून कुठून पोरं सायकली हाणत यायची.
"सर, आवंदा काय येई?"
मी वही उघडायचो. उभ्या रेघा, आडव्या रेघा,
बावीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका लाल शाईत.
फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं एक वर्षाआड.
सत्तावनचा उठाव लागोपाठ दोनदा आला
की तिसऱ्या वर्षी विश्रांती घेतो.
टिपा लिहा, कायमधारा पद्धत:
ही धूमकेतूसारखी, पण येते.

दहातले आठ खरे ठरायचे.
खोटं कशाला बोलू, मला वाटायला लागलं होतं
की काळाच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला
तर मणके लागतात बोटांना.

मग सुपडू.
माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा सुपडू महाजन,
धुळ्याला प्राध्यापक झालेला,
त्या साली पेपर काढायला बसला.
माझी वही त्याला तोंडपाठ होती.
तिच्यात जे जे होतं ते त्यानं गाळलं.

एकशे चाळीस पोरं.
परीक्षा संपल्यावर ओटा स्वच्छ होता, झाडल्यासारखा.

पुढे एका लग्नात पंगतीला तो शेजारीच बसला.
भरीत, कळण्याची पुरी.
म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं नसतं तर तेच आलं असतं."
भरीत केव्हाच पचलं.
वाक्य अजून चघळतोय.

आखाजीला कौसल्या चार ढेकळं मांडते,
ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भादवा,
वर पाण्यानं भरलेली घागर.
सकाळी कुठलं ढेकूळ किती विरघळलं, त्यावरून पाऊस.
मी हसायचो. आता हसत नाही.
निदान ढेकळांना आपलं बोलणं ऐकू जात नाही.
माणसांना जातं.
ऐकलं की ती झोपेतसुद्धा कूस बदलतात
आणि तुमचे मणके भलतीकडेच.

वही जाळायला घेतली होती, बंबात.
दोन पानं गेलीही, एकोणऐंशी आणि ऐंशी.
तेवढ्यात पाणी तापलं.

परवा संध्याकाळी बोरीच्या पात्रात उतरलो.
झेलाबाई वाळूत झिरा खणत होती, कोपरापर्यंत हात आत.
इथंच कशावरून? मी विचारलं.
तिनं हनुवटीनं दाखवलं,
गेल्या सालचा तिथं होता.
मग तिथंच का नाही?
"नदी सरकनी ना, बाप्पा."
आणि खणत राहिली
गेल्या सालापासून सात पावलं उगवतीला.

पाणी लागलं का, ते पाहायला मी थांबलो नाही.
अंधारत होतं. पावलं मात्र मोजली मी येताना,
दोनदा, कारण पहिल्यांदा आठ भरली.

घरी ओट्यावर एकच जोड.
सुपडूची मुलगी, इथं मामाकडे शिकते, यंदा बारावी.
"बाबांनी पाठवलं," म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही.
मी उरलेली वही तिच्या हातात ठेवली.
म्हटलं, यातलं येईलच असं नाही.
येणार नाही असंही नाही.

दिव्याखाली ती उभ्याउभ्याच पानं उलटत होती,
बापासारखीच, मागून पुढे.
पहिल्या पानाशी येऊन थबकली.
शिवणीत अडकलेल्या काळ्या कडेवर बोट ठेवून म्हणाली,
"सर, याच्या आधी काय आलं होतं?"