एकोणिसावा प्रश्न

निकाल आला चतुर्थीच्या सुट्टीआधी दोन दिवस,
एकच कागद, आमच्या शाळेपुरता.
इयत्ता तिसरी, पट सात, हजर सात.
एक निळा खांब, राज्याचा,
शेजारी नारिंगी, आमचा,
त्याच्या कमरेला लागेल एवढा.

भागशिक्षणाधिकारी फोनवर म्हणाले,
टीचर, मनाला लावून घेऊ नका,
सातांत एक चुकला तरी खांब खचतो.
मी हो म्हटलं.

मार्चात परीक्षा झाली तेव्हा
नगरगावच्या डोंगरावर काजू पिकत होते,
भट्टीचा वास खिडकीतून थेट फळ्यापर्यंत,
आणि मी सातजणांना गोल भरायला शिकवत होते.
काळं पेन. रेघेबाहेर जायचं नाही.
एका ओळीत एकच.
यल्लव्वाने विचारलं, उरलेल्या तिघांचं काय?
त्यांना तसंच ठेवायचं, म्हटलं.
तिने मान हलवली, पण पटलं नव्हतं.
आठ ओळींत तिने चारही भरले,
यंत्राने तिला आठ शून्यं दिली.

दर्पण माजिक पहाटे आज्याबरोबर बागायतीत जाऊन येतो.
बोटांवर चिकाचे डाग,
पहिला गोल भरण्याआधीच त्याच्या कागदावर ठसे उमटलेले.
अठरापर्यंत सरळ गेला,
एकोणिसाव्याला थांबला.

काजूचं खरं फळ कोणतं?
फूल. बोंडू. बी. पान.

बाकीचे संपवून तो पुन्हा तिथेच आला,
वेळ संपली तरी पेन हवेतच.
कितें जालें रे?
"टीचर, बी पयलीं येता. मागीर बोंडू."
मग?
"मागीर म्हाका कळना."
मी म्हटलं, दे इकडे.

पाकिटं न्यायला गाडी दोनला येणार होती.
मुलं जेवायला बसली,
वर्गात मी, लाख, मेणबत्ती, सात कागद.
यल्लव्वाचे काळे गोल मला पुसता येईनात.
एक कोरा होता, तो मात्र भरता येत होता.
बावीस वर्षांची नोकरी.
हात कापला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं.
कापला नाही.
बोंडूसमोरचा गोल मी नीट भरला,
रेघेबाहेर जराही न जाता.
ह्या गावात दुसरं फळ कुठलं?
रस त्याचा, नीरो त्याचा, हुर्राक त्याचा,
बी तर पिळून वेगळी टाकायची,
वाळवायची, विकायची.

आज कागदासोबत उत्तरसूची आहे.
एकोणीस: बी.
मी कपाट उघडून जुनं विज्ञानाचं पुस्तक काढलं,
धूळ झटकली, चित्र शोधलं.
बी हेच फळ.
बोंडू म्हणजे फुगलेला देठ.

दर्पणला बोलावलं. आता चौथीत आहे तो,
उंची वाढलीय, डाग गेलेत.
म्हटलं, काजू कसा धरतो ते फळ्यावर काढ.
त्याने आधी बी काढली,
नखाएवढी, मूत्रपिंडासारखी वाकडी,
मोहराच्या टोकाला लोंबणारी.
मग खडू आडवा धरून
तिच्या वरचा देठ हळूहळू फुगवत नेला,
फळ्याची अर्धी जागा भरेस्तोवर.
"अशें," म्हणाला. हात चड्डीला पुसले.

बरोबर, म्हटलं.

"मागीर परीक्षेंत म्हजें चुकलें?"

तू कोरं सोडलं होतंस, मी म्हटलं.
हे खरंच होतं.

टेबलावर कागद उलटा पडला होता,
मागच्या बाजूला सात नावं,
नावांपुढे प्रश्नांचे आकडे,
प्रत्येकाने काय निवडलं त्याची अक्षरं.
माजिक दर्पण, एकोणीस, ब, चूक.

तो वाकून बघत राहिला.
त्याचं वाचन चांगलं आहे.
परीक्षेतही तेवढं दिसलं होतं.