दुसरं मत

त्या वर्षी देशाचं गाणं निवडायला
नॉरिचमधून सोळा माणसं बोलावली,
त्यांत एक मी.
पत्रावर सतारमेकरचं स्टारमेकर झालेलं.
मी दुरुस्त केलं नाही.
पत्ता बरोबर होता, आणि चहा-सँडविच त्यांच्याकडून.

मोहरीच्या गिरणीत हिशेब लिहायचो तेव्हा.
दिवसभर नाकात मोहरी,
एकदाही न तडतडलेली.
फोरमन लार्टर म्हणाला, नीट निवड बाबा,
गेल्या खेपेला नाक कापलं गेलं आपलं.
आपलं, म्हणाला.
तो शब्द मी सायकलवरून घरापर्यंत
अंड्यासारखा जपून आणला.

वरच्या मजल्यावरची खोली. सोळा खुर्च्या,
दोन हीटर, त्यांतला एक चालू.
प्रत्येकाला पेन्सिल, खुर्चीला सुतळीनं बांधलेली:
देशाची निवड करावी, पेन्सिल पळवू नये.
बोलायचं नाही. ताल धरायचा नाही.
मान डोलवायची नाही.
हे मिरजेच्या माणसाला सांगणं!
माझे वडील जन्मभर तंबोऱ्याचे भोपळे कोरत बसले,
गिऱ्हाईक तार छेडायचं
आणि आमची अख्खी गल्ली मान हलवायची.
मी हाताची घडी घातली
आणि मान कॉलरमध्ये कोंबली.

गाणी सहा.
पहिल्यात नारिंगी विजारी घातलेले चौघे
ढोल बडवत सगळ्या जगाला टाळ्या वाजवायला सांगत होते.
दुसरं आठवत नाही.
तिसरं बहुधा दुसऱ्याचंच भावंड.
चौथ्याला एक मुलगी आली, बाटलीसारखा हिरवा झगा,
खांद्यापाशी टाचणी लावलेली.
शेवटच्या ओळीआधी ती थांबली.
श्वास घेतला. मायक्रोफोननं तोही घेतला.
वाद्यं पुढं निघून गेली, ती धावली नाही,
सावकाश आली
आणि समेवर त्यांच्या आधी पोचलेली होती.

हीटर टकटकला.
शेजारचे निवृत्त हवालदार पायमोजा वर ओढत होते.

मतं मोजली मिसेस थर्टलनी,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मास्तरणीच्या आवाजात:
पहिल्याला अकरा. सहाव्याला तीन.
चौथ्याला दोन.

दोन!
एक माझं.
मी पंधरा चेहरे पाहिले.
कोणी कोट चढवत होतं, कोणी उरलेलं सँडविच
रुमालात बांधत होतं,
एकोणीस वर्षांचा कॉलिन बन नखं खात होता.
फोनवर लंडन विचारत होतं,
नॉरिच, ऐकू येतंय का, नॉरिच?
येत होतं. पण विचारणार कसं,
मत गुप्त.

नारिंगी विजारी परदेशी गेल्या,
कितव्या आल्या ते लार्टरच सांगू शकला असता,
तो आता नाही.
चौथ्या गाण्याची तबकडी निघालीच नाही.
दुकानात तीनदा विचारलं.
तिसऱ्या वेळी पोरानं माझ्याकडं नीट बघून
मागच्या फळीवरून धूळ झटकत
सतारीची तबकडी काढून दिली.
घेतली. काय करणार.
मागं वाद्य घडवणाऱ्याचं नाव नव्हतं, नसतंच.

गिरणी बंद झाली, माझे गुडघेही.
मिसेस थर्टल मासळीच्या गाडीपाशी भेटायच्या,
हवेबद्दल बोलायच्या.
एकदा धीर करून मी चौथ्याची पहिली ओळ गुणगुणलो.
त्या म्हणाल्या, सर्दी झालीय का तुम्हाला?

खरं सांगायचं तर तिसरी ओळ माझ्याकडून हरवली आहे.
पहिल्या दोन आहेत, शेवटची आहे,
श्वास आहे.
मधे एका ओळीची जागा, पडलेल्या दातासारखी,
जीभ तिथंच जाते.

असेल या गावात कुणीतरी,
बस थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर,
त्याच्याकडं नेमकी तीच ओळ असेल
आणि बाकीचं गाणं नसेल.
म्हणून रांगेत उभा असलो
की मी कॉलर सैल करून ठेवतो,
मान जरा मोकळी.