शेरा

हर्णैच्या बंदरात लिलाव उजाडताच सुरू होतो,
म्हणून पोरं पाचलाच येतात,
झोपेतली, या खांद्यावरून त्या खांद्यावर.
आया मागं न बघता टोपल्या उचलतात.

गुलाबबाय चोगलेकडे. परवाना नाही. पाटी नाही.
पोरामागे वीस रुपये,
नसले तर वाटाभर मांदेली.

तक्रार निनावी होती. मी गेले.
फॉर्मवर एकतीस रकाने.
बालकांची संख्या: नऊ लिहीत होते
तर दहावं आलं दारातून, नाक वाहत.

प्रथमोपचार पेटी: हळदीचा डबा.
अग्निशमन: गुलाबबाय हसली.
चुलीशेजारी ओलं गोणपाट टांगलेलं,
तेही लिहिलं.

मनवा, सगळ्यांत चपळ,
लुगड्याच्या काठानं खांबाला बांधलेली.
"सोडा आधी तिला," मी म्हणाले.
तिनं सोडलं.
मनवा सरळ विहिरीकडे निघाली.
आम्ही दोघी धावलो.
आधी पोचली ती म्हातारी.

विहिरीला कठडा नव्हता.
गुडघाभर चिरा, तोही एकीकडून ढासळलेला.
बंद करा, हे नोटिशीत छापलेलंच असतं,
तारीख तेवढी भरायची.

"करते बंद," ती म्हणाली,
"उद्या पाचला तू ये, दारात बस, आयांना सांग.
तुमची अंगनवाडी दहाला उघडते बाय,
मासली थांबते काय दहापरत?"

मला उत्तर सुचलं नाही.
पण खाडीपलीकडचं ते पोरही आठवत होतं,
बर्फाच्या टाकीतलं,
एकाच पायात वाळा.
त्या कागदावरही माझीच सही होती.

तारीख भरली नाही.
लिहिलं: कठडा, पंधरा दिवस.

पंधराव्या दिवशी कठडा नव्हता.
चिरे महाग, गवंडी कुणाच्या लग्नाला.
विहिरीवर जुनं जाळं, तिहेरी दुमडलेलं,
कडेनं सहा खुंट्या,
गाठी गुलाबबायच्या घोवाच्या.
"ह्यातनं मुशी सुटली नाय कधी."

जाळ्याचा रकाना माझ्याकडे नव्हता.
मी पाटा मागितला.
"वाटायचा?"
"तोच. मनवाएवढा भरेल."

दोघींनी उचलून टाकला.
दहाही पोरं ओट्यावरून बघत होती,
मनवा पुढे, कमरेला काठ.
जाळं वाकलं, आणखी वाकलं,
गाठी करकरल्या,
आणि पाण्याच्या हातभर वर
पाटा थांबला.

एक खुंटी मात्र बोटभर उपटून आली होती.
ती मी चपलेच्या टाचेनं ठोकली,
मग दगडानं.
शेऱ्यात लिहिलं:
तिसरी खुंटी सैल. पुन्हा येणे.